डूला प्रशिक्षण: कोर्स नेमका पारखायचा कसा?

पारिजात
नमस्कार मंडळी. प्रसूतीच्या वेळी सोबत करणाऱ्या डूलाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. चार माहितीपत्रकं समोर आहेत. पहिला दोन दिवसांचा, प्रत्यक्ष वर्गात, १६ तास. दुसरा सहा महिन्यांचा, पूर्ण ऑनलाइन. तिसरा तीन आठवड्यांचा, नुसते व्हिडिओ, वर ‘आजीवन प्रमाणपत्र’. चौथ्यात वर्ग आहेत आणि त्यानंतर तीन बाळंतपणांना हजर राहायची अट. फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. चारही पत्रकांत विषयांची यादी जवळपास सारखीच दिसते. मग निवड कशावरून करायची?

धागेदोरे
आधी एक ठरवा. बाळंतपणाच्या वेळची डूला व्हायचंय की बाळंतपणानंतरची? नाव एक, कामं वेगळी. पहिली कळांपासून बाळ छातीशी येईपर्यंत सलग बरोबर असते. दुसरी पुढचे काही आठवडे घरी येते: दूध पाजणं, बाळाची झोप, आईचा आराम, टाक्यांची काळजी, रात्रपाळी. काही संस्था ‘दोन्ही एकाच कोर्समध्ये’ देतात. तिथे एकूण तास विचारा. १६ तासांत दोन्ही कोंबलं असेल तर दोन्हीची तोंडओळखच होणार.

दुसरं, प्रमाणपत्राबद्दल. डूला या कामाला बहुतेक देशांत सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे ‘प्रमाणित डूला’ याचा अर्थ एवढाच, की एका खासगी संस्थेने तिच्या अटी पूर्ण झाल्याचं लिहून दिलं. त्या अटी काय आहेत, त्यावर कागदाची किंमत ठरते. डोना इंटरनॅशनल ही यातली जुनी संस्था, १९९२ साली निघालेली. तिथेही कार्यशाळा ही पहिली पायरी असते. कार्यशाळेला हजर होत्या म्हणून मिळणारा कागद वेगळा आणि पुढची कामं तपासून मिळणारं प्रमाणपत्र वेगळं. तुमचा पहिला आणि चौथा पर्याय यात हाच फरक असू शकतो. पहिल्यावाल्यांना विचारा, ‘१६ तासांनंतर काय?’

‘आजीवन’ या शब्दाला भुलू नका. या विषयातल्या शिफारशी बदलतात. दर काही वर्षांनी नूतनीकरण मागणारी संस्था त्रासदायक वाटली तरी तीच बरी.

सुंठवडा
धागेदोरे यांच्याशी सहमत. पण विषयांच्या यादीच्याही आधी मी एक गोष्ट तपासेन: डूलाने काय *करायचं नाही* हे कोर्स किती स्पष्ट शिकवतो.

डूला आतून तपासणी करत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, रक्तदाब घेत नाही, औषध सुचवत नाही, निदान करत नाही. आईच्या वतीने निर्णय घेत नाही आणि डॉक्टर किंवा सुईणीशी तिच्या वतीने भांडतही नाही. शेवटचं सगळ्यात जास्त घसरतं. ‘बाजू मांडणे’ या नावाखाली काही कोर्स चक्क वाद घालायला शिकवतात. त्याचे परिणाम खोलीतल्या बाईलाच भोगावे लागतात.

शिक्षिकेला फोनवर एक प्रसंग द्या: ‘कळा चालू आहेत, नर्स म्हणाली बाळाचे ठोके उतरलेत, डॉक्टर येऊन लगेच सिझेरियन म्हणाले, बाई घाबरून माझ्याकडे बघतेय. मी काय करायचं?’

चांगलं उत्तर साधारण असं येईल: तिच्या डोळ्यांच्या पातळीवर या, हात धरा, श्वास संथ करा. वेळ असेल तर तिलाच विचारायला मदत करा, की हे कशासाठी, किती तातडीचं आहे, दुसरा मार्ग आहे का. वेळ नसेल तर कर्मचाऱ्यांना जागा मोकळी करून द्या, काय चाललंय ते तिला सोप्या शब्दांत सांगत राहा, जोडीदाराला सांभाळा. आत येऊ दिलं तर डोक्याशी बसा.

‘आधी कूस बदलायला लावा आणि अर्धा तास मागून घ्या’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. कूस बदलणं चुकीचं नाही, कर्मचारी स्वतःच ते करतात. पण ठोके उतरलेले असताना वेळ मागून घेणं हा वैद्यकीय निर्णय झाला.

रातराणी
वाचनखूण साठवली.
माझाही एक प्रश्न: पूर्ण ऑनलाइन कोर्स सरसकट बाद करायचा का? सगळ्यांनाच प्रवास जमत नाही.

खडीसाखर
रातराणी, सरसकट नाही. शरीररचना, प्रसूतीचे टप्पे, औषधं, संशोधन वाचणं, करारनामा, संवाद हे सगळं ऑनलाइन छान शिकता येतं. उलट दोन दिवसांच्या धावपळीपेक्षा सहा महिन्यांत जास्त मुरतं. अडतं ते हाताच्या कामाशी.

कंबरेवरच्या दाबाचंच घ्या. व्हिडिओत सोपा दिसतो: कळ आली की तळहाताची टाच कंबरेखालच्या त्रिकोणी हाडावर ठेवून दाबायचं. प्रत्यक्षात नवशिकी तीन चुका करते. एक, दाब खाली माकडहाडावर देते, तिथे दुखतं. दोन, कोपर वाकवून दंडाच्या ताकदीने दाबते आणि तासाभरात तिचंच मनगट जातं. कोपर सरळ ठेवून शरीराचं वजन टाकायचं असतं. तीन, दुसरा हात मोकळा ठेवते, त्यामुळे बाई पुढे ढकलली जाते. तो हात समोरून कंबरेच्या हाडाला टेकवून आधार द्यावा लागतो. शिवाय बाळ खाली सरकतं तशी दुखायची जागाही खाली सरकते. म्हणून ‘इथेच का?’ हे पुन्हा पुन्हा विचारायला लागतं.

दोन्ही बाजूंनी नितंब दाबण्याचं तंत्रही तसंच. हात कंबरेच्या हाडाच्या कडेवर नाही, त्याखाली मांसल भागावर. दाब आत आणि किंचित वर. पूर्ण कळभर, म्हणजे साठ ते नव्वद सेकंद, न थरथरता. कळ ओसरली की हळूहळू सोडायचं, झटक्यात नाही. हे कुणीतरी तुमच्या हातावर हात ठेवून दुरुस्त केल्याशिवाय येत नाही. तितकंच महत्त्वाचं, तुम्ही स्वतः पुढे ओणवून बसून दुसरीचा दाब अनुभवल्याशिवाय किती जोर लागतो ते कळत नाही.

म्हणून ऑनलाइन कोर्स घ्यायचाच तर तीन गोष्टी बघा. तास थेट आहेत की आधीच रेकॉर्ड केलेले? थेट तासात कॅमेऱ्यासमोर सराव करून घेतात का? आणि किमान एक दिवसाचं प्रत्यक्ष शिबिर जोडलेलं आहे का? तिसरं नसेल तर ते वेगळं कुठे करता येईल ते आधी शोधा.

प्रत्यक्ष वर्गालाही एक चाळणी लावा. एका शिक्षिकेमागे किती जणी? दहा-बाराच्या वर गेलं की हात तपासले जात नाहीत, प्रात्यक्षिक बघून लोक घरी जातात.

सुंठवडा
खडीसाखर, +१. त्यात भर: एपिड्युरल (कळांचं दुखणं थांबवायला पाठीतून दिलं जाणारं औषध) घेतलेल्या बाईबरोबरचा सरावही विचारा. पाय जड असतात, ती स्वतः वळू शकत नाही. दोन गुडघ्यांमध्ये भुईमुगाच्या शेंगेसारखा, मध्ये निमुळता असा मोठा चेंडू ठेवून कुशीवर झोपवणं, ठरावीक वेळाने नर्सच्या मदतीने कूस बदलणं, नळ्या आणि वायर न ओढता. चेंडू फार मोठा असला तर मांडीचा सांधा ताणला जातो आणि तिला ते जाणवतही नाही. ‘एपिड्युरल दिलं की डूलाचं काम संपलं’ असं मानणारे कोर्स अजून आहेत.

अबोली_६४
मला माहितीपत्रकांतले दावे खटकतात. एकात छापलंय की डूला असली की सिझेरियनचं प्रमाण निम्म्यावर येतं. हे खरं आहे का?

कोष्टक
अबोलीताई, हा आकडा हवेतून आलेला नाही, पण असा सरसकट वापरणं चूक.

१९९१ साली ह्यूस्टनमधल्या एका प्रयोगात पहिलटकरणींचे तीन गट होते. सलग सोबत मिळालेल्या गटात सिझेरियन ८ टक्के, नुसती एक निरीक्षक खोलीत बसलेल्या गटात १३ टक्के, दोन्ही नसलेल्या गटात १८ टक्के. एपिड्युरलचं प्रमाण पहिल्या गटात ७.८ आणि तिसऱ्यात ५५.३ टक्के. ‘निम्मं’ हे अशा एकेकट्या प्रयोगांतून उचललेलं असतं.

सगळे प्रयोग एकत्र केले की चित्र सौम्य होतं. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही एकाच विषयावरचे सगळे प्रयोग एकत्र तपासणारी संस्था) १७ देशांतल्या २६ प्रयोगांची माहिती आहे, पंधरा हजारांहून जास्त स्त्रिया. सलग सोबतीने सिझेरियनची शक्यता साधारण पाव हिश्शाने कमी होते. म्हणजे एखाद्या ठिकाणी शंभरात २० सिझेरियन होत असतील तर १५ च्या आसपास. प्रसूतीचा वेळ सरासरी पाऊण तासाच्या आत-बाहेर कमी होतो. आणि आढावा लिहिणाऱ्यांनी स्वतःच म्हटलंय की पुराव्याची प्रत कमी आहे. कारणही साधं आहे, खोलीत कोण बसलंय हे कुणापासून लपवता येत नाही. आणखी एक: त्या प्रयोगांतली ‘सोबत’ म्हणजे प्रत्येक वेळी प्रशिक्षित डूला नव्हे. कुठे रुग्णालयाचे कर्मचारी, कुठे नातेवाईक किंवा ओळखीच्या बायका.

शिक्षिकेला विचारा, ‘हा आकडा कुठल्या अभ्यासातला?’ तिला सांगता आलं आणि त्याची मर्यादाही सांगता आली, तर तो कोर्स तुम्हाला वाचायला शिकवेल. नाही आलं, तर उद्या तुम्ही तोच आकडा एखाद्या गरोदर बाईला वचन म्हणून सांगाल, आणि तिचं सिझेरियन झालं की तिला वाटेल आपणच कमी पडलो.

अभ्यासक्रम जुना आहे का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. प्रसूतीचा सक्रिय टप्पा कधी सुरू होतो ते नोट्समध्ये बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत तो गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरला आणि ‘तासाला एक सेंटिमीटर’ हा जुना वेग काही स्त्रियांसाठी अवास्तव असल्याचं म्हटलं. अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ ६ धरतात, ब्रिटनमध्ये ४. म्हणजे एकच आकडा बरोबर असं नाही, पण आकडे वेगळे आहेत आणि का, हे शिक्षिकेला माहीत हवं. तासाला एक सेंटिमीटर हा नियम अजून फळ्यावर असेल तर बाकीच्या नोट्सही तेवढ्याच जुन्या असणार.

चिंचगूळ
जरा अवांतर: डूला हा शब्द आला कुठून? बंगाली वाटतो.

कोष्टक
ग्रीक. अर्थ दासी किंवा सेविका. या अर्थाने तो प्रचारात आला १९७३ साली, मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांच्या स्तनपानावरच्या पुस्तकामुळे. त्यांनी तो बाळंतपणानंतर आईला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला होता. कळांमधली सोबत हा अर्थ नंतर चिकटला.

धागेदोरे
पारिजात, तुमच्या चौथ्या पर्यायाकडे येऊ. ‘तीन बाळंतपणांना हजेरी’ ही अट ऐकायला चांगली आहे, पण त्यात बरेच फाटे आहेत. आधी लेखी विचारून घ्या:

त्या तीन जणी कोण शोधणार, संस्था की तुम्ही? बहुतेक ठिकाणी तुम्हीच. मग संस्था निदान ओळखपत्र किंवा रुग्णालयासाठी पत्र देते का? काही रुग्णालयं प्रसूतिकक्षात एकाच सोबत्याला येऊ देतात, तिथे नवरा किंवा आई येणार की शिकाऊ डूला? उत्तर उघड आहे. याचा विचार न केलेल्या संस्थेत विद्यार्थिनी महिनोन्‌महिने अडकून पडतात.

एक प्रसूती ‘मोजली’ कधी जाते? कळांच्या कुठल्या टप्प्यापासून हजर असायला हवं, किमान किती तास, मध्येच सिझेरियन ठरलं आणि तुम्हाला बाहेर थांबवलं तर ती धरतात का? ठरवून केलेलं सिझेरियन धरतात का? यावर नियम नसतील तर शेवटी वाद होतो.

मूल्यमापन कोण करतं? आई आणि हजर असलेली नर्स, सुईण किंवा डॉक्टर, दोघांकडूनही लेखी अभिप्राय घेणारी पद्धत चांगली. नुसतं तुमचंच टिपण घेत असतील तर ते मूल्यमापन नव्हे. आणि प्रत्येक प्रसूतीनंतर अनुभवी डूलाबरोबर तासभर बसून ‘काय झालं, काय जमलं, काय नाही’ असं बोलणं ठेवलंय का? माझ्या मते अख्ख्या कोर्समधली सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच, आणि पत्रकात ती क्वचितच छापलेली असते. पहिल्याच वेळी काही विपरीत घडलं, बाळ गेलं किंवा खूप रक्तस्राव झाला, तर नव्या डूलाला त्यातून कोण बाहेर काढणार?

मुदतही बघा. कामं पूर्ण करायला किती महिने, मुदत संपली तर वाढवायची फी किती? कार्यशाळेची फी, नोंदणीची फी, प्रमाणपत्राची फी, नूतनीकरणाची फी आणि सक्तीची पुस्तकं, पाचही आकडे एका ओळीत मागा. स्वस्त दिसणारा कोर्स इथेच महाग होतो.

गोकर्ण
एक बाजू राहिली. कोर्सचा कल कुठे आहे ते पाहा. काही कोर्स म्हणजे औषधाशिवाय बाळंतपणाचा प्रचारच असतो. श्वास, पाणी, चेंडू, कमरेला शाल बांधून हलवणं यावर दहा तास, आणि प्रसूती औषधाने सुरू करणं, एपिड्युरल, सिझेरियन यावर मिळून पाऊण तास. पण ज्या बायका तुम्हाला बोलावतील त्यांतल्या अनेकींच्या वाट्याला हे तीनपैकी काहीतरी येणारच.

प्रसूती सुरू करायची म्हणजे काय काय: पिशवीचं तोंड मऊ करायला जेल किंवा गोळी, किंवा फुग्याची नळी, मग कळांसाठी सलाइनमधून ऑक्सिटोसिन. याला एक दिवसाहून जास्तही लागू शकतो. हे शिकवलेलं नसेल तर डूला पहिल्याच तासाला पोहोचते आणि खरी गरज येते तेव्हा दमून बसलेली असते. सिझेरियनमध्येही बाळ छातीवर ठेवणं, आईशी बोलत राहणं, नंतर दूध पाजायला टाक्यांवर दाब न येईल अशी बैठक, हे सगळं डूलाचंच काम.

त्या शालीबद्दलही एक. ते तंत्र मेक्सिकोतल्या रेबोझो नावाच्या लांब शालीवरून आलंय. ते शिकवताना ‘कधी वापरायचं नाही’ हे सांगतात का? रक्त जात असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, तर हात लावायचा नाही. एरंडेल, काढे, सुगंधी तेलं ‘कळा आणण्यासाठी’ द्यायला शिकवणारा कोर्स तर सरळ बाद.

रातराणी
गोकर्ण, पण बहुतेक जणी डूला बोलावतात त्याच औषधं टाळायची म्हणून ना? मग कल तिकडे असला तर बिघडलं कुठे?

गोकर्ण
कल शिक्षिकेचा असू दे, अभ्यासक्रमाचा नको. औषध टाळायचं ठरवून आलेली बाई अठराव्या तासाला एपिड्युरल मागते तेव्हा डूलाचा चेहरा पडता कामा नये. ‘आधी ठरलं होतं ना’ हे वाक्य तर तोंडातून यायलाच नको. ‘आता खरंच औषध हवंय’ हे सांगायला आधीच ठरवलेला संकेतशब्द, आणखी थोड्या कळा बघायच्या का हे तिलाच विचारणं, नंतर तिच्या निर्णयाबरोबर उभं राहणं: याचा भूमिका घेऊन सराव करून घेतात का, हे विचारा. तिथे कल आपोआप कळतो.

सुईदोरा
बाळंतपणानंतरचा भाग प्रसूती-डूलाच्या कोर्समध्येही थोडा हवाच, कारण नंतरची एक-दोन भेट ठरलेली असते. निदान धोक्याच्या खुणा पाठ हव्यात: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजण्याइतका रक्तस्राव, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमकणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार. यात डूलाने सल्ला देत बसायचं नसतं, लगेच वैद्यकीय मदतीकडे पाठवायचं असतं.

मनाच्या बाजूने एडिनबरा मोजपट्टीची (बाळंतपणानंतरच्या नैराश्याच्या प्रश्नावलीची) ओळख करून देतात का बघा. दहा प्रश्नांची, १९८७ सालची, अजून वापरात आहे. ती चाळणी आहे, निदान नव्हे, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा असतो. बाकीची बेरीज कमी आली तरी त्या एका उत्तराकडे दुर्लक्ष करायचं नसतं. हे न सांगता नुसता कागद वाटणारे कोर्स धोकादायक.

बाळाच्या प्राथमिक उपचाराचं प्रशिक्षण मात्र वेगळं घ्या, डूला कोर्समध्ये ते उरकत नाही.

धागेदोरे
आणि व्यवसायाचा तास. ३८ ते ४२ आठवडे फोनवर हजर राहायचं म्हणजे महिनाभर कुठे जायचं नाही. बदली डूला कोण, तिला बाई आधी भेटलीय का, किती तासांनंतर तिला बोलवायचं, बाई लवकर बाळंत झाली आणि तुम्ही पोहोचलात नाही तर पैशांचं काय, नोंदी कुठे ठेवायच्या आणि कधी नष्ट करायच्या. नमुना करारनामा देणारी संस्था निवडा आणि तो नमुना प्रवेशाआधीच वाचायला मागा. देत नसतील तर त्यांच्याकडे तो नसतो.

पारिजात
सगळ्यांचे मनापासून आभार. चारही ठिकाणी पाठवायला प्रश्न काढले: स्पर्शाचा सराव आहे का? एपिड्युरल आणि सिझेरियन शिकवता का? बाळ दगावलं तर कशी सोबत करायची हे आहे का? मूल्यमापन आहे का? बदली डूलाबद्दल शिकवता का? बरोबर?

कोष्टक
असे पाठवू नका. ‘आहे का’ला चौघेही ‘हो’ म्हणतील. ‘स्पर्शाच्या सरावाला किती तास, एका शिक्षिकेमागे किती जणी’ असं विचारा. ‘बाळ दगावण्याचा विषय कोण शिकवतं आणि तिने त्या कामात काय केलंय’ असं विचारा. ‘गेल्या वर्षी किती जणींनी प्रवेश घेतला, त्यांपैकी किती जणींचं प्रमाणपत्र पूर्ण झालं’ हेही. शेवटच्या प्रश्नाला आकडा आला, कमी असला तरी, तर संस्था नोंद ठेवते हे कळतं.

खडीसाखर
आणि मागच्या दोन तुकड्यांतल्या दोघीतिघींशी बोलायला मागा. संस्थेने निवडून दिलेल्या नकोत, यादीतून तुम्ही निवडा. त्यांना कोर्स आवडला का हे विचारू नका, आवडलेलाच असतो. पहिल्या प्रसूतीला कशाचं शिक्षण कमी पडलं, तेवढंच विचारा.

पारिजात
प्रश्न बदलून आज पाठवते. तिसरा, आजीवनवाला, आधीच कटाप. उत्तरं आली की इथेच टाकते, संस्थांची नावं वगळून.